अकराव्या जागेवरचा तीन

पाटीवर दहा वेळा दोन लिहिलं होतं. मग एक तीन. मग तीन वेळा दोन, परत तीन, दोन, तीन, तीन, चार, आणि शेवटी प्रश्नचिन्ह.

मास्तरांनी पाटी मांडीवर घेऊन बायकोकडे पाहिलं. ती खिडकीशी बसून छापखान्याची प्रुफं तपासत होती.

"नियम शोधा," ती मान वर न करता म्हणाली. "मालिका मी रचलीय. यात गणित म्हणाल तर मला येतं तेवढंच आहे."

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर मास्तरांचा हात महिन्याभरात ताळ्यावर आला होता, जीभ काही आली नव्हती. 'खुर्ची' म्हणायला जावं तर 'सोमवार' बाहेर पडायचा. एकदा भेटायला आलेल्या शेजारणीने हसू दाबलेलं दिसलं, आणि मास्तरांनी तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. "बोलत राहा, नाहीतर आहे तेही जाईल," सांगून सांगून डॉक्टर थकले. आकडे मात्र शाबूत होते. मासिकांतल्या अंकमालिका ते पेन्सिलीने चुटकीसरशी सोडवायचे, अवाक्षरही न काढता.

ही मालिका मात्र दाद देईना. त्यांनी फरक काढले, बेरजा केल्या, उलट्या क्रमाने वाचून पाहिली. जन्मभर आकड्यांच्या पोटात शिरलेला माणूस, पण हे दोन नुसतेच ओळीने उभे. तीन दिवस गेले. बायकोने एका शब्दाने विचारलं नाही.

चौथ्या दुपारी त्यांचा डोळा लागला. समोर पांढरा जिना होता, पायऱ्या पायाखाली कापसासारख्या दबत होत्या. कुणीतरी त्या मोजत होतं. एक. दोन. तीन. प्रत्येक नाव दोन थेंबांनी पडायचं, ए आणि क, दो आणि न. धुक्यातून आणखी वर, आणखी वर. अकराव्या पायरीवर थेंब तीन पडले.

जाग आली तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. मोजणारा आवाज त्यांचाच होता, घोगरा, बरेच दिवस न वापरलेला.

"बा... रा." दोन बोटं. "ते... रा." दोन. "चौ... दा." दोन. "पं... ध... रा." तीन!

आकड्यांचा हिशोबच नव्हता हा. आकड्यांच्या नावांतली अक्षरं होती! आणि ती बोलल्याशिवाय त्यांच्या हाती लागलीच नसती.

"ए... को... णी... स." घाम फुटला, पण चारही बोटं उघडली. "वी... स." त्यांनी प्रश्नचिन्ह पुसून तिथे दोन लिहिलं.

खिडकीशी पाठमोऱ्या बसलेल्या बायकोची पेन्सिल केव्हाची थांबली होती. ती वळली नाही.

"पुढे?" तिने विचारलं.

मास्तरांनी श्वास घेतला. पुन्हा सोमवार निघाला तर? त्यांनी दोन बोटं समोर धरली आणि एकेका बोटावर एकेक अक्षर ठेवलं.

"च... हा."

"आणते," ती म्हणाली, आणि तोंड न दाखवता लगबगीने स्वयंपाकघरात गेली.

बराच वेळ आतून पातेल्याचा आवाज आला नाही.