गाडी लागते

लांब निघायचं म्हटलं की कुमुद सकाळपासून पाण्याला शिवायची नाही. वाटेत जायचं कुठे, हाच घोर. गुडघे गेल्यावर तर तिने प्रवासच सोडला. नवऱ्याला सांगायची, “मला गाडी लागते.”

आज त्याने भाड्याचं मोटरहोम दारात आणून उभं केलं. पलंग, ओटा, फ्रिज तो कौतुकाने दाखवत होता आणि ती नुसतं हं हं करत होती. शेवटी त्याने पलंगाशेजारचं अरुंद दार ढकललं. आत स्वच्छ कमोड होता, उठताना धरायला दांडी होती.

“तुला गाडी कधी लागतच नव्हती,” तो म्हणाला. “मला कळायला उशीर झाला.”

ओट्यावरचा तांब्या उचलून कुमुद, गाडी निघायच्या आधीच, पोटभर पाणी प्यायली.