गळती कुठेच नव्हती

"आधी हातमोजा काढायचा, मग गुडघा टेकायचा, आणि मग अंगठी. उलटं केलंस तर अंगठी घरंगळून थेट नदीत," ताई म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ, बॉयलर दुरुस्त करणारा, आरशासमोर पुन्हा गुडघा टेकून बघत होता.

बेत सगळा ताईचा. गोठलेल्या नदीवरचा लाकडी पूल, दिवे लागायची वेळ, थर्मासमध्ये गरम कॉफी. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारी ती मुलगी रोज त्या पुलावरूनच घरी परतायची. ताईनं तिला पाहिलेलं नव्हतं, पण नाव ठेवून मोकळी झाली होती: चष्मेवाली.

"तिथं तोंड उघडशील ना? की नेहमीसारखी दातखीळ?"

"बोलेन."

ताईचा विश्वास बसला नाही, आणि तिचं काही चुकत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात चष्मेवालीकडे बॉयलर बसवायला गेला तेव्हाच हा गडी पुरता गारद झाला होता. निघताना ती 'येत जा' म्हणालीही होती. पण जायला काहीतरी कारण नको का, असं म्हणत त्यानं अख्खा उन्हाळा घालवला. या हिवाळ्यात मात्र कारण आपणहून चालत आलं. तिच्या घरचा बॉयलर सारखा बंद पडू लागला, आणि तोही नेमका तिच्या सुट्टीच्या दिवशी. यंत्रालाही सुट्टीचा आळस चढत असावा.

तेवढ्यात फोन वाजला. मालक होते.

"त्या घरचा बॉयलर परत बंद पडला. त्या मुलीच्या आईनं माझी बिनपाण्यानं केली. म्हणाली, ज्यानं बिघडवलाय त्यानंच येऊन निस्तरायचं, दुसरा माणूस दारात उभा करणार नाही." मालकांनी दम खाल्ला. "बाबा रे, तू माझा सगळ्यात चांगला माणूस. पण आता बास. यापुढे तक्रार आली तर ते घर मी सोडून देणार."

त्यानं हत्यारांची पेटी उचलली. खिशात अंगठी होतीच. एक बॉयलर ज्याला धड जमत नाही, त्याला पोटची मुलगी कोण देईल?

बाहेर बर्फ नुसता ओतत होता. दार चष्मेवालीच्या आईनंच उघडलं. अंगावर दोन शाली.

"या. तुमच्या कृपेनं घराचं थडगं झालंय," असं म्हणून ती बाहेरच्या खोलीत आपल्या विणकामाकडे गेली.

बर्फामुळे दुकान बंद होतं, त्यामुळे चष्मेवाली घरीच होती. म्हणजे पुलाचा बेत बोंबलला. तो मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेला आणि बॉयलरखाली गुडघे टेकून कामाला लागला.

पाणी तापवून पाइपांतून घरभर फिरवायचं, एवढंच त्या यंत्राचं काम. आतलं पाणी कमी झालं की ते आपोआप बंद पडतं. पाणी कमी झालं होतं. पण गेलं कुठे? त्यानं प्रत्येक सांधा उघड्या बोटांनी चाचपला, भिंतीमागचा पाइपसुद्धा. सगळं ठणठणीत कोरडं. गळती कुठेच नव्हती. त्याला स्वतःचीच लाज वाटली. पाणी भरून त्यानं बॉयलर चालू केला, पण मनातली रुखरुख जाईना.

चष्मेवाली चहा घेऊन आली.

"सापडलं काही?"

"नाही. तुम्ही खरंच दुसरा माणूस बघा."

ती शेजारी स्टुलावर बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "एक विचारू? रागावू नका. हे तुम्ही मुद्दाम करता का?"

"काय?"

"जाताना काहीतरी सैल सोडून जायचं. म्हणजे परत यायला मिळतं." तिचे कान लाल झाले होते. "मी आईला काही बोलले नाही. म्हटलं, करत असतील तर करू देत."

"आईशप्पथ नाही. कामात मी लबाडी करत नाही. उलट मलाच एकदा वाटलं होतं की तुम्ही..."

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

तिचं 'करू देत' त्याच्या डोक्यात जरा उशिरानं शिरलं. शिरलं तेव्हा मात्र त्यानं हातातला पाना खाली ठेवला. ताईनं घोकून घेतलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. काळ्या झालेल्या बोटांनी त्यानं अंगठी काढली. "माझ्याशी लग्न कराल?"

"करेन," ती लगेच म्हणाली, आणि मग तिनं दाराकडे बघितलं. "पण आई हो म्हणाली तरच. तिला मी एकटीच आहे. आणि तुमच्यावर तिचा किती राग आहे, ते तुम्ही बघताच."

राग तो बघतच होता. तरी उठला आणि बाहेरच्या खोलीत आईसमोर जाऊन उभा राहिला.

"बॉयलर चालू केलाय. पण तो का बंद पडतो ते मला आजही कळलेलं नाही, खोटं बोलणार नाही. तुम्हाला हिवाळाभर गारठवलं, आणि वर तुमची मुलगी मागायला आलोय."

आईच्या सुया थांबल्या. तिनं त्याच्याकडे बघितलं, अंगठीकडे बघितलं, मागे उभ्या असलेल्या लेकीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं.

"सुटले बाई," ती म्हणाली. "आता लवकर उरका. दर वेळी त्या बॉयलरमधलं पाणी बादलीत काढून, ही उठायच्या आत बाथरूममध्ये नेऊन ओतायचं, माझी कंबर पार कामातून गेलीय."