हं, पुढे?

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी बातमीदार निवृत्त झाला आणि घरच्या फोनची वायर निघाली.

तरी दुपारी तो रिसीव्हर कानाला लावून सवयीने बातमी सांगत बसे, आणि पलीकडून येणारा बाईचा आवाज बायकोलाही ऐकू येई, "हं, पुढे?"

कचेरीत त्याच्या बातम्या उतरवून घेणारी ती. बायकोने तिला कधी पाहिलं नव्हतं. त्या आवाजावर मात्र ती जन्मभर जळत आली होती.

एका बुधवारी बायकोने रिसीव्हर हिसकावून स्वतःच्या कानाला लावला. "निवृत्त तुम्ही झालात, ही सटवी नाही वाटतं? आता मला सांगा. हं, पुढे?"

डोळे मिटूनच तो म्हणाला, "बातमीदाराच्या पत्नीचे गुरुवारी सकाळी निधन झाले."

"लिहिलं," तिच्या कानात बाई म्हणाली. "पुढे?"

बातमीदाराची बायको गुरुवारी सकाळी वारली.