टेबलावरचा डबा

नरेंद्रकाकांनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं शिवांगीला झालं. डबा तिचाच होता. आत बेसनाचे लाडू होते.

"नोंदीसाठी सांगतो," काका इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "रविवारी दुपारी या बाई माझ्या घरी आल्या होत्या. टेकडीवरचं फायर स्टेशन बंद होऊ देऊ नका, म्हणाल्या. मी म्हटलं, हे मीटिंगमध्ये बोला. त्या गेल्यावर दाराशी हा डबा राहिलेला दिसला. मी तो उघडलेला नाही."

चिटणीसबाईंनी सगळं टाइप केलं. डब्यासकट.

अमेरिकेतल्या त्या छोट्या गावाच्या फायर डिस्ट्रिक्टची, म्हणजे अग्निशमन मंडळाची, मीटिंग होती. बंब अंगणात काढून त्याच्या जागेवर घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. खाली तेलाचे डाग तसेच होते. समोरच्या टेबलाशी लोकांनी निवडून दिलेले तीन कमिशनर बसले होते. स्कूल बस चालवणारा डेल, रोपवाटिकेची कॅरल आणि रिटायर्ड इंजिनिअर नरेंद्रकाका. बंबावर जाणारी माणसं दोन स्टेशनांना पुरेनाशी झाली होती. त्यातलं एक आज या तिघांनी बंद करायचं होतं, टेकडीवरचं किंवा तळ्याकाठचं.

शिवांगीचं घर टेकडीवर. गेल्या हिवाळ्यात केकमधल्या काजूच्या एका तुकड्याने तिच्या अनुष्काचा गळा सुजला, तेव्हा टेकडीवरच्या स्टेशनची अँब्युलन्स चार मिनिटांत दारात उभी राहिली होती. तळ्याकाठून यायला सोळा मिनिटं लागली असती. म्हणून तर आपला माणूस बोर्डावर आहे म्हटल्यावर आपण सगळे जे करतो, तेच करायला ती गेली होती. गोष्ट कानावर घालायला. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून लाडू. तेही काजू न घालता, कारण तिच्या घरात आता काजू येतच नाही.

डेलने तिचं नाव पुकारलं. बोलायला तीन मिनिटं होती. पाठ केलेलं सगळं ती विसरली, पण अनुष्काचे निळे पडलेले ओठ काही विसरली नव्हती. तेवढंच तिने सांगितलं. सांगताना तिची नजर भिंतीवरच्या नकाशाकडे गेली. दोन स्टेशनांच्या दोन लाल टाचण्या. तळ्याकाठच्या टाचणीला लागून जो रस्ता होता, त्याच रस्त्यावर रविवारी तिने गाडी लावली होती. ते स्टेशन तिला दिसलंही होतं. काकांच्या घरी सोफ्यावर नाकाला नळी लावून बसलेल्या सुचित्राकाकूही दिसल्या होत्या. पण तेव्हा तिच्या डोक्यात फक्त स्वतःचं घर होतं.

"एवढंच," ती म्हणाली आणि वेळ शिल्लक असताना खाली बसली.

"आणखी कुणाला बोलायचंय?" डेलने विचारलं आणि शेवटच्या ओळीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. तिथे काकू बसल्या होत्या, पायाशी चाकांचं छोटं ऑक्सिजन सिलिंडर घेऊन.

काकूंनी नकारार्थी मान हलवली.

"आणखी एक नोंद," काका म्हणाले. "तळ्याकाठच्या स्टेशनपासून माझं घर दोनशे पावलांवर आहे. त्या मागे बसल्यात, त्या माझ्या पत्नी. वर्षभरात दोनदा तिथलीच गाडी त्यांना घेऊन गेली आहे."

टाइप करणारी बोटं क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली.

मतं एकेकाचं नाव घेऊन, मोठ्याने. डेल म्हणाला, तळ्याकाठचं राहू दे. कॅरल म्हणाली, टेकडीवरचं. काकांनी चष्मा काढून पुसला.

"तळ्याकडे दोन रस्ते येतात. वेळ पडली तर शेजारच्या गावची गाडी येईल. उशिरा, पण येईल. टेकडीवर एकच रस्ता आहे आणि वादळात झाड पडलं की तोही नाही." त्यांनी चष्मा परत लावला. "टेकडीवरचं राहू दे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डेलने लाकडी हातोडी एकदा आपटली आणि पुढचा विषय घेतला: पाण्याच्या टाकीला रंग.

शिवांगीच्या अंगावर सरसरून काटा आला. दिव्याच्या गाड्या, सलाम झेलणारे साहेब तिने देशात पुष्कळ पाहिले होते. एवढा मोठा अधिकार एवढ्याशा टेबलावर, एवढ्या साध्या माणसांच्या हातात तिने कधी पाहिला नव्हता. तिला हवं ते मिळालं होतं आणि रडू येत होतं.

मीटिंग संपल्यावर ती काकूंच्या पायाशी वाकली. काकूंनी मधेच हात धरला.

"काकू, तुम्ही बोलायला हवं होतं. तीन मिनिटं तुम्हालाही होती."

"होती की." काकूंना एका दमात फार बोलता येत नसे. "पण मी बोलले असते ना, तर यांना घरचं ऐकू आलं असतं. टेकडीचं नाही." त्यांनी श्वास घेतला. "पोरगी बरी आहे ना आता? मग झालं. अहो, तो डबा आणा इकडे."

काकांनी डबा आणला. काकूंनी झाकण उघडलं, एका लाडवाचे दोन तुकडे केले, एक आपल्या तोंडात टाकला आणि दुसरा त्यांच्यापुढे धरला.

काकांनी तो घेतला नाही. ते मागे वळले आणि लॅपटॉप मिटत असलेल्या चिटणीसबाईंना त्यांनी विचारलं,

"मीटिंग संपल्याची वेळ लिहिलीत?"

"सात बावन्न."

मग त्यांनी हात पुढे केला.