परत आलेली बरणी

पीचच्या मुरंब्याची बरणी जशीच्या तशी परत आली. झाकणावरची फीतसुद्धा सुटली नव्हती.

“जजसाहेबांनी घेतली नाही, सिस्टर अर्नेस्टीन,” चर्चचा कारभार पाहणारा डीकन ओटिस म्हणाला. “‘आत्ता नको’ एवढंच म्हणाले.”

“मग कधी? माझ्या मयताला?” अर्नेस्टीन फणकारली. “एकोणीस वर्षं बोटं चाटून खाल्ली. आता काय विष लागलं मुरंब्याला?”

हे जजसाहेब म्हणजे लूशियस टार्प्ली, चौकातल्या सलूनवाल्याचा पोरगा. याच चर्चमध्ये गात वाढला, वकील झाला. तिथे न्यायाधीशही मतांनी निवडून येत; तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी उभा राहिला, तेव्हा अर्नेस्टीनने दारोदार हिंडून त्याच्यासाठी मतं मागितली होती. आता तिच्या मुलाचं, क्लीव्हनचं, अपील त्याच न्यायालयातल्या सात जणांपुढे होतं. न केलेल्या खुनापायी पोरगा बावीस वर्षं आत होता. आपले डोळे मिटायच्या आत तो घरी यावा, एवढंच तिचं देवाकडे मागणं.

अपील त्याच्यापुढे गेलं आणि टार्प्ली बदलला. तिच्या रांगेतून उठून पार खिडकीपाशी बसू लागला. शेवटची प्रार्थना संपायच्या आत निघून जायचा. न्यायाधीशांच्या निवडणुकीचा हंगाम होता. चर्चच्या जेवणावळीत सरकारी वकील त्याच्या खांद्यावर हात टाकून हसत होता, तेही तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

त्या रविवारी पाद्रीबाबांचं प्रवचन असं काही रंगलं! बोलता बोलता सूर चढला, ऑर्गन मागून धावत आला, आणि न्यायासाठी न्यायाधीशाचं दार ठोठावत राहणाऱ्या बायबलमधल्या विधवेची कथा गाणं होऊन वाहू लागली. “ठोठाव गं बाई, ठोठाव!” सगळं चर्च उभं राहिलं. अर्नेस्टीनच्या डोळ्यांना धार लागली. देव आपल्यालाच सांगतोय, तिला वाटलं.

सोमवारी ती क्लीव्हनच्या वकीलबाई प्रुइट यांच्यासमोर जाऊन बसली.

“टार्प्लीला या खटल्यातून काढा. सरकारी वकिलाशी गट्टी आहे त्याची.”

“जरा दमानं, अर्नेस्टीनबाई. त्यांचा कल कुणालाच ठाऊक नाही.”

“मला आहे. नजर चुकवतो मेला. तुमचं पोर असतं तर दमानं घेतलं असतंत?”

प्रुइटबाईंनी अर्ज केला. टार्प्ली एका ओळीचं पत्र देऊन बाजूला झाला. ना राग, ना खुलासा.

“बघितलंत? चोराच्या मनात चांदणं!” अर्नेस्टीन म्हणाली.

त्याच्या जागी खालच्या कोर्टातले एक न्यायाधीश बसले. सहा आठवड्यांनी निकाल लागला. चार विरुद्ध तीन. अपील फेटाळलं.

अर्नेस्टीनने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, “तिघं तरी आपले निघाले. काय म्हणतात, वाचा.”

प्रुइटबाईंनी त्या तिघांचं भिन्नमत उघडलं. पहिली ओळ त्यांनी मनातच दोनदा वाचली.

“वाचा ना.”

“‘पुढचं प्रत्येक पान न्यायमूर्ती टार्प्ली यांनी लिहिलं आहे. ते बाजूला झाले त्या दिवसापर्यंत, त्यांच्यासह चौघांच्या संमतीने, अपील मान्य करणारा हाच मजकूर या न्यायालयाचा निकाल होता.’”