दोन सीटची गाडी

“वरून हिरॉईन, आतून कुणाची तरी आई,” मेकॅनिककाकांनी फोनवरच बजावलं होतं. “असल्या नकली स्पोर्ट्स कारच्या नादी लागू नका, ताई. घरातली जुनी चार दारांची गाडी घ्यायची, तिच्यावर फायबरचं अंग चढवायचं, की झाली शर्यतीची गाडी!”

तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. आता शेडमध्ये त्या लालभडक, जमिनीला टेकायला आलेल्या गाडीसमोर उभी असताना मात्र तिचा हात सारखा पर्सकडे जात होता.

काका गाडीखाली टॉर्च मारून बघत होते. गाडीचा मालक, दंडावर ताणलेला टीशर्ट घातलेला तरुण, गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

“फोटोला एक नंबर, मॅडम. लग्नाचे फोटो, वाढदिवसाचे फोटो, लोक हिला टेकून उभे राहतात. चालवत कुणी नाही.”

“का?”

“चालवली की कळतं ना!” तो स्वतःच हसला. “पण लपवून ठेवणार नाही. चार वाजता दुसरं गिऱ्हाईक येतंय. त्याला फक्त हे वरचं अंग हवंय, दुसऱ्या गाडीला लावायला. खालचं सगळं भंगारात.”

तिनं घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. “घेतलंस का विमान?”

“बघतेय अजून. पिल्लू कुठाय?”

“मागच्या सीटवर. बागेच्या फाटकाशी थांबलोय. पण मला एक सांग, दोन सीटची गाडी घेऊन पोरीला काय डिकीत बसवायचं?”

“हौस आहे माझी.”

“कॉलेजात तुझी हौस सायकलच्या पुढे गेली नव्हती. आता कुठून उगवली?”

“उगवली कुठून तरी. ऐक ना, उतरताना तिला दार उघडू देऊ नकोस. हल्ली खटका ओढायला शिकलीय ती. तू बाहेरून ये आणि मग...”

“हो, सासूबाई.”

बोलून गेल्यावर त्यालाच आठवलं. तिची आई जाऊन आठ महिने झाले होते.

“मी उघडतो दार. तू काळजी नको करू,” तो हळूच म्हणाला आणि फोन ठेवला.

काका गाडीखालून बाहेर आले, कपडे झटकत. “तळ दोन ठिकाणी ठिगळलाय. फायबरला तडे आहेत. इंजिन तर पेन्शनीत निघालंय. ताई, ही घेण्यापेक्षा हिचं पोस्टर घ्या, भिंतीला लावा.”

“चासी नंबर बघता का?” तिनं विचारलं.

तिनं पर्समधून कागद काढला. चार घड्या घातलेला, घड्यांवर कापडासारखा मऊ पडलेला. काकांनी बॉनेट उघडलं, मळ नखानं खरवडला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेले. ती कागदावर बोट सरकवत होती.

“...चार, शून्य, सात.”

“सात,” ती म्हणाली. तिचं बोट तिथंच थांबलं.

“जुळला. पण तो जुळला म्हणून गाडी चांगली होत नाही.”

तिचं लक्ष नव्हतं. काकांच्या पिशवीतलं लोहचुंबक घेऊन ती गाडीच्या अंगावरून फिरवू लागली. फायबरवरून ते नुसतं घसरत होतं. सीटच्या मागे, जिथे बाहेरून दार दिसतच नव्हतं, तिथे ते हलकंसं आत ओढलं गेलं.

“इथे लोखंड आहे,” ती म्हणाली.

“मागचं दार,” मालक ओशाळून हसला. “आमच्या कारागिरानं कंटाळा केला. काढायच्या ऐवजी वेल्ड मारला आणि वरून फायबर चढवलं. नुसतं ओझं आहे. काढून देतो हवं तर.”

“नको!”

दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

“म्हणजे... आतून बघायचंय मला आधी.”

“आत काय बघणार? सीटमागे फळी ठोकलीय.”

“तीच उघडा.”

मालकानं काकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले. ती सीट पुढे ढकलून मागच्या फटीत शिरली. मालकानं समोरून हात घालून चार स्क्रू काढले. फळी बाहेर घेता घेता तो म्हणाला, “मॅडम, जरा सांभाळून. अडकाल तिथे.”

तिनं काकांचा टॉर्च आत मारला आणि वाकून बघत राहिली.

“ताई? गंज आहे का?” काकांनी विचारलं.

“काका, गाडी मी घेतेय.”

“अहो, पण...”

“ते चारचं गिऱ्हाईक आलं की हे वरचं लाल सगळं त्याला देऊन टाका. मला ते नकोय.”

टॉर्चच्या उजेडात जुनं पांढरं दार होतं. काच खाली करायचं हँडल अर्धं मोडलेलं. ते कुणी मोडलं होतं, हे तिला माहीत होतं. आईच्या कपाटात सापडलेला, घरच्या जुन्या गाडीच्या विम्याचा कागद तिनं मुठीत घट्ट धरला. हँडलच्या वर, पाच वर्षांच्या मुलीच्या नजरेला येईल अशा उंचीवर, निळ्या ऑइलपेंटनं, आईच्या तिरक्या अक्षरांत लिहिलेलं होतं: दार आईच उघडेल.

ती गुडघे पोटाशी घेऊन त्या दाराशी बसली, हात गुडघ्यांवर ठेवून, खटक्याला न लावता. चार कधीच वाजून गेलेत. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल, तर तेवढं डोकावून या: अजून बसलीय का ती?