रिकामा कॅन

रबरी मोजे घातलेले हात वर करा आणि हसा, असं साईनाथने सांगितलं, तशा सगळ्या बायका हात वर करून हसल्या. फोटो लगेच ठेकेदाराला गेला. कडाव रस्त्यावरच्या त्या लग्नाच्या हॉलची फरशी चकचकीत ठेवायचं काम या बायकांकडे होतं, आणि घासायच्या मशीनखाली ओततात ते केमिकल सांभाळून कसं वापरायचं याची आज शिकवणी होती. साईनाथ भिसेगावचा, नवाच सुपरवायझर झालेला. माणूस वाईट नव्हता, पण समजावून सांगायची त्याला भारी हौस. हाताला थेंब लागू द्यायचा नाही, लागलाच तर नळाखाली हात धरायचा, त्या हाताने डोळे चोळायचे नाहीत, भाकर खायची नाही. सुनंदा मन लावून ऐकत होती. मागच्याच आठवड्यात तिच्या पदरावर थेंब उडाला होता आणि धुताना तेवढं कापड विरून हातात आलं होतं.

शिकवणी संपल्यावर त्याने सगळ्यांना हॉलच्या मागे नेलं. भिंतीशी केमिकलचे रिकामे कॅन मांडून ठेवले होते, निळे, जाड, घट्ट झाकणाचे. लग्नसराईत राबलात म्हणून एकेक घेऊन जा, पाणी भरायला झकास आहेत, असं तो म्हणाला.

बायकांची झुंबड उडाली. का नाही उडणार? त्यांच्या वाडीवर टँकर एक दिवसाआड यायचा, आणि ज्याच्या घरी भांडी जास्त त्याच्या घरी पाणी जास्त. मंगळीचा तर संक्रांतीपासून या कॅनवर डोळा होता. तिची सून हिरू नुकतीच बाळंत झाली होती आणि घरातला एकुलता एक हंडा गळत होता. वयाचा मान बिन बाजूला ठेवून तिने कोपरं मारली, त्यातल्या त्यात चांगला कॅन पटकावला आणि छातीशी धरला.

सुनंदा जागची हलली नाही.

"भाऊ, हाताला लागू द्यायचं नाय ना?"

"अजिबात नाही, मावशी."

"अन् पोटात गेलं तर चालतंय?"

साईनाथ हसला. राखेने दोनदा घासला की काही राहत नाही, माझ्या घरीही आहेत की, म्हणाला. त्यात काय भरता, असं सुनंदाने विचारलं. झाडांना घालायचं पाणी, तो म्हणाला. बोलून बसल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो उगाच मोबाईल बघायला लागला.

मग तिला बाजूला घेऊन त्याने हलक्या आवाजात सांगितलं की नको असेल तर घेऊ नका, पण बाकीच्यांची डोकी फिरवू नका, उद्या काम पाहिजे ना? इथे मात्र सुनंदाचं टाळकं सटकलं. परतीच्या वाटेवर लाकडं तोडायला म्हणून तिच्या पिशवीत रोज कोयता असायचा. तिने तो काढला, भिंतीजवळचा एक कॅन आडवा पाडला, त्यावर पाय दिला आणि घाव घातला. कॅन फाटला आणि आतला उग्र वास सगळ्यांच्या नाकात गेला.

"मावशी, काय करताय? कंपनीचं सामान आहे ते."

"मगाशी तर आमाला दिलंवतं."

"उद्यापासून येऊ नका मग."

"नाय येत. पन आज हे फोडूनच जाईन."

तिने दुसरा फोडला, तिसरा फोडला. हाताशी होते ते संपले, तशी ती मंगळीसमोर येऊन उभी राहिली. मंगळीने कॅन आणखी घट्ट धरला. "माझ्याला हात लावशील तर बघ, सुनंदे. हिरूला काय पाजू? तू देनार हायस पानी?"

"देईन. माझा हंडा ने. पन ह्यातलं पानी त्या पोराच्या घरात नाय जाऊ देनार."

सुनंदाला तिचा राग आला होता आणि कीवही येत होती. हंडा तिच्याकडेही एकच होता. मंगळीलाही ते ठाऊक होतं. तिने कॅनचं झाकण फिरवलं, नाक आत घातलं आणि तोंड वाकडं करून बाहेर काढलं. तिचे डोळे भरून आले. ते वासाने आले की कशाने, हे तिला कुणी विचारलं नाही.

"संक्रांतीपासून वाट बघितली गं ह्याची," ती म्हणाली. मग तिने हात पुढे केला. "आन हिकडं तो कोयता."

पहिला घाव उसळून परत आला. साईनाथ पुढे झाला, मंगळीबाई, तुम्ही तरी असं करू नका, म्हणू लागला. दुसरा घाव आरपार गेला. मंगळीने तो फाटका कॅन उचलून त्याच्या बुटांपाशी टाकला.

"घ्या. घाला झाडांना पानी."

मागच्या बायकांतल्या एकीने आपला कॅन खाली ठेवला आणि पायाने सुनंदाकडे ढकलला. मग दुसरीने. साईनाथने ठेकेदाराला फोन लावला, पण तिकडून कुणी उचलला नाही.

मंगळीने पदराने नाक पुसलं, कोयता सुनंदाच्या हातात परत दिला आणि तिला चांगलंच दरडावलं.

"उद्याच्याला टँकर आला की तुझा हंडा पयला माझ्या दारात."